"भूक लागली की खाईल आपोआप", पण हा खातच नाही

"मॅडम, नऊ वर्षांचा झाला तरी मोजून सहा पदार्थ खातो, हे लाड आहेत की आजार?" हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून मला इतक्यांदा येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ओमची गोष्ट सांगते (नाव अर्थातच बदललंय).

ओमची यादी: कोरा भात, दूध, एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटं, साधा खाकरा, वेफर्स, कुरमुरे. संपली. भातावर तुपाचा थेंब पडला तरी ताट सरकवायचा. आजी म्हणायची, दोन दिवस उपाशी ठेवा, सुतासारखा सरळ येतो की नाही बघा. ठेवलं पण होतं एकदा! दीड दिवस पोरगं पाण्यावर राहिलं, शेवटी आईच रडली.

वर्षभर वजन वाढलं नव्हतं, शाळेच्या ट्रिपला जायचं नाही म्हणायचा कारण तिथे जेवायला लागेल, म्हणून मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे आणि मग सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. रक्तात फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं आणि निदान झालं आर्फिड, म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार. हे नाव 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, आलं. यात बारीक व्हायचं वगैरे डोक्यात नसतं, काहींना पदार्थाचा स्पर्श-वासच सहन होत नाही, काहींना घास अडकेल किंवा उलटी होईल ही भीती, काहींना भूकच जाणवत नाही. ओम पहिल्या प्रकारातला, गिळगिळीत लागलं की उमासाच येतो, नाटक नसतं ते.

आता आईची अपेक्षा अशी की मी डाएट चार्ट देणार. खरं सांगू, सुरुवातीच्या वर्षांत मी द्यायचे असे चार्ट, फ्रीजवर चिकटून राहायचे नुसते. आता पहिला महिना नवीन काहीच देत नाही, आहेत ते सहा पदार्थ सांभाळायचे. कारण याच आईने आधी पालक लपवून पराठे केले होते, त्याला एक हिरवा ठिपका दिसला आणि जो पराठा तो आधी खायचा तोही कायमचा गेला. लोहाचं औषधही दुधात घालून देत होते, म्हटलं पहिलं बंद करा, दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही आणि चव बदलली म्हणून दूध सोडलं तर काय करणार? औषध वेगळ्या वेळी, सरळ औषध म्हणूनच सांगून.

घरात नियम एकच, काय आणि कधी वाढायचं ते आईने ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते ओमने. "एकच घास, माझ्यासाठी" बंद. टीव्ही लावून भरवणं बंद.

मग यादीकडे नीट बघितलं तर निम्म्याहून जास्त कुरकुरीत! तिथूनच धागा पकडला. साधा खाकरा, मग जिऱ्याचा, मग त्याच जिऱ्याच्या खाकऱ्याचा लहानसा तुकडा दाण्याच्या चटणीच्या वाटीशेजारी, नुसता शेजारी हं. आधी बघायचं, मग वास, मग बोट लावायचं, मग जिभेला, आणि तोंडात घातलं तरी टिश्यूत थुंकायची पूर्ण परवानगी. यावर आजी जाम भडकल्या, अन्न थुंकायला शिकवता म्हणून. त्यांची बाजू मला कळते, पण थुंकता येईल ही खात्री असल्याशिवाय तो तोंडच उघडत नव्हता.

जिऱ्याच्या खाकऱ्याला पाच आठवडे लागले. मध्ये ताप आला आणि गाडी परत सहावर, असं होतं. आठ महिन्यांत यादी अकरावर गेली, वजन दोन किलोने वाढलं, भाजी अजून एकही नाही.

मागच्या आठवड्यात आईने फोटो पाठवला, ताटात थालीपीठ आणि त्याची फक्त करपलेली कुरकुरीत कड गोल कुरतडलेली. मधला मऊ भाग आजींनी खाल्ला म्हणे, न बोलता.