खर्च न करता कामात सुधारणा करायची तर सुरुवात कुठून करावी?

सांगलीतल्या एका कारखान्यात तुम्ही नुकतेच सुपरवायझर झालाय आणि मालक म्हणतात, पैसे न घालता काम सुधारून दाखव. माझं सांगणं एकच: माणसांचे हात किती भराभर चालतात ते बघू नका, माल कुठं थांबतो ते बघा.

मी तासगावजवळ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. दिवाळीच्या आधी आमच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागायची आणि सगळे हमालांना बोल लावायचे. मीही लावायचो, त्याचं अजून वाईट वाटतं. एका सकाळी वही घेऊन एकाच गाडीमागं राहिलो आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिली. आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सव्वातीन तास. त्यात प्रत्यक्ष भरणं पाऊण तासाचं! बाकीचा बहुतेक वेळ लॉट हुडकण्यात गेला होता. १५ किलोच्या हजारो पेट्या, सगळ्या सारख्याच. रजिस्टरला शेतकऱ्याचं नाव आणि लॉट नंबर होता, पण माल कुठल्या चेंबरात, कितव्या मजल्यावर, ते कुठंच नव्हतं. ते मुकादमांच्या डोक्यात आणि त्यांनी खांबांवर खडूनं केलेल्या खुणांत. मुकादम गावाला गेले की आमचे हाल.

त्या खुणांतच उपाय होता. पावतीवर चेंबर, मजला, रांग लिहायला एक रबरी शिक्का करून घेतला. आधी एकाच चेंबरात पंधरा दिवस चालवला, मग सगळीकडे. तुमच्याकडंही कुणाच्या खिशात चिठ्ठी असेल, मशीनवर पेनानं लिहिलेले आकडे असतील. ते पुसायला सांगू नका. तिथं कागदावर काय राहून गेलंय, ते विचारा.

टोयोटा या जपानी मोटार कंपनीची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो जमिनीवर खडूनं वर्तुळ काढायचे आणि इंजिनिअरला त्यात उभं करून कित्येक तास नुसतं काम बघायला लावायचे. तुम्ही निदान एक सकाळ द्या. आणि रोज अडतं तिथंच आधी हात घाला, वर्षातून एकदा उद्भवणारी मोठी भानगड नंतर बघू.

शिक्का कुणाला सुचला, असं मालकांनी विचारलं तेव्हा मी मुकादमांना पुढं बोलावलं. चारच दिवसांत हमालांनी आपणहून सांगितलं, की उद्या जाणारे लॉट आज संध्याकाळीच आत दाराजवळ आणून ठेवूया.