जैसलमेरच्या घराभोवती थंडीच्या नोंदी: सुरुवात अशी करा

आधी थर्मामीटरची जागा पक्की करा. गच्चीच्या भिंतीवर लावलात तर दिवसभर तापलेला दगड रात्री उष्णता सोडत राहतो आणि किमान तापमान खोटं, जास्त दिसतं. भिंतीपासून दूर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवा. पेटीचं दार उत्तरेकडे. दुसरा थर्मामीटर वाळूलगत आडवा ठेवाच. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री वाळू झपाट्याने थंड होते, त्यामुळे वरचा पारा ३ अंशांवर असतानाही खाली पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडू शकतो. किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास येतं. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला नोंद केलीत, तर पुढे तुलना करता येते.

उत्तरेचा वारा पूर्व-आग्नेयेकडे वळला, रात्र उबदार झाली आणि उंचावर पिसांसारखे ढग आले, तर पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची हवामान प्रणाली, जवळ आहे असं समजा. तो सरकला की खरी कडाक्याची थंडी पडते. मावठ्याचा पाऊस थोडाच, म्हणून पर्जन्यमापक नीट सपाट बसवा.

वाळूवरचे प्राण्यांच्या पावलांचे ठसे उन्हं तिरपी असतानाच पाहा. वारा सुटला की पुसले जातात. सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, थंडीत बिळाचं तोंड वाळूने बुजवून आत राहतो, तेव्हा बुजलेलं बीळ रिकामं समजून उकरू नका. कुरजांसाठी, म्हणजे कांड्या करकोच्यांसाठी, फलोदीजवळचं खिचन गाठा. मार्चपर्यंत ते परततात. रोहिड्याला पहिलं फूल कधी आलं, तीही तारीख लिहून ठेवा.