बारवेवरची आई की विष्णू?

प्रश्न : आमच्या गावातल्या बारवेच्या देवळीत एक मूर्ती आहे. गाव तिला ‘बारवेवरची आई’ म्हणतं. साडी नेसवतात, नवरात्रात ओटी भरतात. मी इतिहास घेऊन बी.ए. करते. मोबाइलवरचा फोटो कॉलेजातल्या सरांना दाखवला, तर ते म्हणाले, हा तर विष्णू, वरच्या हातांत शंख-चक्र दिसत नाही का? घरी सांगितलं तर आजीनं दोन दिवस अबोला धरला. खरं कोणाचं? शिवाय मूर्ती निरक्षर लोकांना पुराणकथा कळाव्यात म्हणून कोरत, असं आमच्या नोट्समध्ये आहे. तेवढंच कारण का?
— एक विद्यार्थिनी, जिंतूर तालुका

उत्तर : पोरी, आधी आजीचा अबोला सोडव. सरांनी फोटो पाहिलाय, आजीनं मूर्ती पाहिलीय. हा फरक लहान नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. नोकरीच्या सुरुवातीला मूर्तिशास्त्राचं नवं खूळ डोक्यात शिरलं होतं. रविवारी सायकल काढायची, पिशवीत वही, टेप आणि बॅटरी. अशाच एका गावात पारावर बसून मी चार लोकांत जाहीर करून टाकलं की तुमची देवी म्हणजे विष्णू आहे. कोणी भांडलं नाही. एक म्हातारी तेवढं म्हणाली, “गुर्जी, उद्या पहाटं आईच्या न्हाणाला या, मग बोला.” गेलो. लुगडं सोडलं, दोन घागरी पाणी पडलं आणि शेंदराच्या थराखालून गोल स्तन अन् बारीक कंबर स्पष्ट दिसली. हातांत मात्र चक्र आणि गदाच. म्हातारी काही बोलली नाही. मीही वही उघडली नाही.

तेव्हा मी अन्वा पाहिलं नव्हतं. जालना जिल्ह्यातल्या या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती कोरल्या आहेत. शरीर बाईचं, आयुधं विष्णूची. म्हणजे तुमच्या बारवेवर अशी मूर्ती असणं अशक्य नाही. उलटही होतं. विष्णूला साडी नेसवून देवी म्हणून पुजणारी गावंही आहेत. आयुधांवरून घराणं कळतं. बाई की पुरुष, हे अंगावरून बघावं लागतं.

आता हात वाचायचे कसे ते सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. तुझे आजोबा संध्या करत असतील किंवा पूजेला भटजी येत असतील, तर ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ ऐकलं असशील. ती नावं चोवीस. चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. ती अदलून-बदलून दिली की बरोबर चोवीसच रचना होतात, तेविसावर थांबत नाहीत की पंचवीस होत नाहीत. प्रत्येक रचनेला एक नाव. मोजायला सुरुवात खालच्या उजव्या हातापासून करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की तो केशव. बाकीच्या काही नावांबाबत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, म्हणून नावाची घाई नको, क्रम तेवढा लिहून ठेव.

उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. या एका चुकीनं माझी अख्खी वही बाद झाली होती.

एखादा हात तुटला असेल तरी घाबरू नकोस. तीन आयुधं कळली की चौथं आपोआप कळतं. गदेचा दांडा गेला असला तरी खालचं टोक बऱ्याचदा बैठकीला टेकलेलं उरतं. गुडघ्याच्या खालपर्यंत उतरलेली वनमाला, पायाशी हात जोडलेला गरुड, मागच्या प्रभावळीत दशावतार, हेही बघ. शेंदूर मात्र खरवडू नकोस. पहाटे किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जा. नाहीतर बॅटरी बाजूनं धर. समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं.

नोट्समधलं वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत पट्ट्यापट्ट्यांत कोरलंय, ते कथा सांगायलाच. पण तुझ्या मूर्तीत कुठली गोष्ट आहे? ती नुसती उभी आहे. ती समोर उभं राहून हात जोडण्यासाठी, न्हाऊ घालण्यासाठी, नेसवण्यासाठी. आजी करते तेच. देवळाच्या बाहेरच्या मूर्ती प्रदक्षिणेच्या वाटेवर असतात आणि तिथं दिशेला अर्थ असतो. आपल्याकडच्या शिवमंदिरांत उत्तरेच्या देवकोष्ठात, म्हणजे बाहेरच्या भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्यात, बहुधा चामुंडा भेटते, हाडकुळी, पोटावर विंचू असलेली. पडलेल्या देवळातली अशी चामुंडा कुठल्याशा झाडाखाली आणून ठेवली की तिचा निम्मा अर्थ त्या रिकाम्या कोनाड्यातच राहतो. तुझी मूर्तीही बारवेचीच आहे की जवळच्या पडक्या देवळातून आणलीय, हे देवळीचं माप आणि मूर्तीचं माप जुळवून बघ. देवळीत ती बरोबर बसते की मागं विटा लावल्यात?

मूर्ती कशी करावी याचे नियम लिहून ठेवणारे लोक याच मुलखात होते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात देवतांची वर्णनं आहेत. तो 13व्या शतकातला. नांदेडकडचं होट्टल त्याच्या आधीचं, चालुक्यांच्या काळातलं, तरी गाव त्याला हेमाडपंतीच म्हणतं. परीक्षेत तसं लिहू नकोस.

तुझ्याच तालुक्यातलं चारठाणा आधी पाहा. मग औंढा नागनाथ. तिथं खालच्या भागाचं कोरीव काम आणि वरचं नंतरचं बांधकाम यांतला फरक लांबूनही कळतो. नंदी देवळाच्या मागं आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, ही गोष्ट तिथला कोणीही सांगेल. ती गोष्टही लिहून घे.

पुढच्या पत्रात चारी हातांचा क्रम कळव. जाताना आजीला सोबत ने. साडी तिलाच सोडू दे.