गॅरेजच्या कोब्यावर टिकाऊ लेप: आधी ओल तपासा, मग डबा निवडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरातल्या घराच्या गॅरेजमध्ये सुमारे २०० चौरस फुटांचा जुना सिमेंटचा कोबा आहे, झाडले की त्यातून पूड निघते, ऑइलचे डाग पडले आहेत, दुकानदार फ्लोअर पेंट घ्या म्हणतो आणि आपल्याला स्वतःच्या हाताने लावता येईल असा टिकाऊ लेप हवा आहे. माझे मत असे की, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर अशा दोन डब्यांत येणारी इपॉक्सीच घ्यावी. मात्र खालून ओल येत नाही याची खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

एका डब्यात मिळणारा साधा ऑइल पेंट गॅरेजसाठी मला मान्य नाही. सिमेंटचा कोबा अल्कधर्मी असतो आणि ओलाव्याच्या संगतीने तो तेलाधारित रंगाचा साबण करून टाकतो, त्यामुळे रंगाची पकड सुटून पापुद्रे निघू लागतात. शिवाय उन्हाळ्यात ४५ अंशांच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीचे तापलेले टायर अशा रंगावर उभे राहिले, की थंड होताना ते रंग उचलूनच सोबत नेतात.

ओल तपासण्यासाठी साधारण दीड फूट चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर अंथरून चारही कडा टेपने पूर्ण बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी ते उचलून पाहावे. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा तेवढाच भाग गडद झाला असेल, तर खालून ओल येते आहे असे समजावे. ही चाचणी मे महिन्यात केली तर नागपुरातली बहुतेक घरे तीत उत्तीर्ण होतील. म्हणून ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन पाणी पिऊन बसलेली असताना करावी. ओल आढळली तर लेपाचा विचार सोडून सिलिकेटचे डेन्सिफायर मारावे. ते कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करते आणि पूड थांबवते. त्याचा वेगळा थरच नसल्यामुळे सोलून निघण्यासारखे काही राहत नाही. चकाकी मिळणार नाही आणि ऑइलचे डाग पुढेही पडतील, हे मात्र स्वीकारावे लागते.

कोबा कोरडा निघाला तर खरी मेहनत पृष्ठभागाच्या तयारीत आहे. आपल्याकडे कोबा लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करण्याची पद्धत आहे आणि त्या घोटलेल्या, काचेसारख्या थरावर इपॉक्सी धरत नाही. अनेक जण संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतून मोकळे होतात, पण बंद गॅरेजमध्ये त्याची वाफ घशाला लागते, शटर आणि हत्यारे गंजतात आणि मागे राहिलेले क्षार नीट धुतले गेले नाहीत तर लेपाखाली बसतात. त्यापेक्षा डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेली वाटीसारखी चकती) लावलेले ग्राइंडर भाड्याने आणून सगळा भाग सँडपेपरसारखा खरखरीत करावा. धूळ घातक असते, म्हणून व्हॅक्यूम आणि चांगल्या प्रतीचा मास्क हवाच. ऑइलचे डाग घासण्याआधी डिग्रीझरने काढावेत, नाहीतर ग्राइंडर ते तेल सगळीकडे पसरवतो. शेवटी जागोजागी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत: थेंब लगेच मुरला तर जागा तयार आहे, मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे अजून तेल आहे.

भेगांच्या बाबतीत काळ्या मातीवरच्या घरांनी विशेष सावध राहावे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे काही भेगा ऋतूनुसार उघडतात आणि मिटतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खूण करून त्यांतले अंतर मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यात मोजावे. अंतर बदलत नसेल तर इपॉक्सी पुट्टी भरावी. बदलत असेल तर लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून ती रेघ लेपातही सांधा म्हणून तशीच ठेवावी. हलणारी भेग कडक पुट्टीने बुजवली तर लेप त्याच रेषेत पुन्हा फुटतो.

काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत काढावे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की इपॉक्सी नीट सुकत नाही, आणि एप्रिलनंतर ती मिसळल्यावर डब्यातच घट्ट होऊ लागते. लेप दुपार ओसरल्यावर लावावा. सकाळी कोबा तापत जातो तसतशी त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि लेपात टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. कोबा निवत असताना हा त्रास कमी होतो. रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, थोडे थोडे मिसळावे आणि लगेच जमिनीवर ओतून रोलरने पसरावे, कारण बादलीत साठून राहिलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते.

प्रमाणाचा हिशोब स्वतः करावा. २०० चौरस फूट म्हणजे सुमारे १८.६ चौरस मीटर. त्यावर २५० मायक्रॉनचा (पाव मिलिमीटर) सुका थर हवा असेल, तर सॉल्व्हंट (पातळ करणारा, उडून जाणारा द्रव) नसलेली इपॉक्सी सुमारे ४.६५ लिटर लागते. नासधूस आणि प्राइमर वेगळे. सॉल्व्हंट किंवा पाणी असलेल्या प्रकारात ते उडून जाते, म्हणून माल त्याहून जास्त लागतो. दुकानात जे मोठे क्षेत्रफळ सांगतात ते बहुधा पातळ थराचे असते. शटरजवळ ऊन येत असेल तर वर अ‍ॅलिफॅटिक पीयूचा (उन्हात पिवळ्या न पडणाऱ्या प्रकाराचा) एक हात द्यावा, कारण उन्हात इपॉक्सी पिवळी पडते. पावसात ओले टायर आत येतात तिथे लेप ओला असतानाच त्यावर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरावी, नाहीतर पाय घसरतो.

दुसऱ्या दिवशी चालता येते, पण गाडी आत घ्यायला सात दिवस थांबावे. दुचाकी उभी करणार असाल तर साइड स्टँडखाली जाड रबराचा तुकडा कायमचा ठेवावा, कारण गाडीचा बराच भार त्या छोट्याशा टोकावर एकवटतो आणि चांगल्या लेपालाही पहिला खड्डा तिथेच पडतो.