वाचक विचारतात : कोल्हापूरला बास्केटबॉलचा पगारी संघ झेपेल का?

प्रश्न : कोल्हापुरात फुटबॉलला एवढी गर्दी होते. मग बास्केटबॉलचा पगारी संघ का चालू नये? – एक वाचक, राजारामपुरी

शाहू स्टेडियमवरचा माणूस नुसता फुटबॉल बघायला येत नाही. तो पाटाकडील विरुद्ध दिलबहार, खंडोबा विरुद्ध प्रॅक्टिस ही गावातल्याच संघांची चुरस बघायला येतो. शहराचा एकच संघ काढला आणि समोर कोची नाहीतर चंडीगड आले, तर पेठेचा माणूस कुणासाठी ओरडणार?

आता तिकिटाचा हिशेब. मैदान २८ × १५ मीटर, भोवती दोन मीटर मोकळी जागा, म्हणजे ३२ × १९. दोन्ही लांब बाजूंना दहा-दहा रांगा आणि माणशी अर्धा मीटर धरला, तर १,२८० जागा होतात. जिने-वाटा वजा जाता ११०० उरतील. तिकीट १०० रुपये, घरचे आठ सामने आणि सरासरी साठ टक्के हॉल भरला असे समजू. गल्ला ५ लाख २८ हजार. बारा खेळाडूंना महिना ३० हजारांप्रमाणे पाच महिने पगार दिला तर १८ लाख. प्रशिक्षक, फिजिओ, हॉलचे भाडे, प्रवास हे सगळे त्यापुढे. थोडक्यात, तिकिटातून पगाराचा तिसरा हिस्साही निघत नाही. बाकीचे शिरोलीचे फौंड्रीवाले आणि साखर कारखाने यांच्याकडूनच यायला हवेत, आणि तेही एका हंगामाच्या उत्साहावर नव्हे, तीन वर्षांच्या लेखी करारावर. देशात २०१५ साली आठ संघांची यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) ही बास्केटबॉल लीग निघाली, पुणे पेशवाज त्यातलाच. २०१७ नंतर ती थांबली.

तरीही छोट्या, उष्ण, दमट गावात पगारी संघ चालतो. पोर्टो रिको बेटावर क्वेब्राडिलास नावाचे पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे, त्याचा संघ तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळतो. गोम अशी, की बेटाची लांबी दोनशे किलोमीटरच्या आत. पाहुणा संघ बसने येतो आणि सामना संपल्यावर रात्रीच घरी परततो. हॉटेल नाही, विमान नाही. शिवाय समोरचे गाव शेजारचे, म्हणून ईर्षाही आयती.

आपल्याकडे याला जुळणारा पट्टा आहे : सांगली, इचलकरंजी, कराड, सातारा, बेळगाव. अशी सहा गावांची लीग उभी राहिली तर एका मिनीबसवर हंगाम निघतो. एकट्या कोल्हापूरने देशभरच्या लीगमध्ये संघ उतरवणे मात्र आम्हांला आतबट्ट्याचे वाटते.

प्रश्न : पावसाळ्यात हॉलची फरशी ओली होते, लाकडी फ्लोअर टिकेल का? – एक क्रीडाशिक्षक

मेपलच्या फ्लोअरला हवेतली आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्के लागते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर जाते. लाकूड पाणी पिते, फळ्यांच्या कडा उचलतात, भिंतीकडे फट ठेवलेली नसेल तर फ्लोअर मधोमध फुगते आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. वर्षभर वातानुकूलन चालवण्याची ऐपत नसेल तर लाकूड नकोच. सात-आठ मिलिमीटरचा स्पोर्ट्स व्हिनाइल घाला आणि सांधे वेल्ड करून घ्या.

त्याआधी स्लॅबची ओल तपासा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान सोळा तास ठेवा. खाली थेंब दिसले तर गोंद सुटणार हे नक्की; आधी ओलरोधक थर द्या. व्हिनाइलवरही दव धरते, कारण स्लॅब गार आणि बाहेरची हवा दमट. दारे सताड उघडून ‘हवा खेळती’ केली की ते वाढतेच. दमट दिवशी दारे लावून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारे यंत्र, चालवा. साध्या पत्र्यावर पाऊस कोसळला की पंचांची शिटी ऐकू येत नाही, त्यामुळे छताला इन्सुलेटेड पॅनेलच हवे. छत, दिवे, पंखे यांपैकी जे सर्वांत खाली असेल, ते मैदानापासून किमान सात मीटर उंच असावे.

प्रश्न : एवढा पैसा नाही. पेठांच्या संघांनी सुरुवात करायची तर?

थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन असा बास्केटबॉल खेळा. मैदान १५ × ११ मीटर, रिंग एकच, संघात राखीव धरून चार जण. दहा मिनिटे संपेपर्यंत किंवा कुणाचे २१ गुण होईपर्यंत सामना चालतो, त्यामुळे एका संध्याकाळी आठ सामने सहज बसतात. वेळ रात्री सातची ठेवा, फुटबॉलची माणसे तोवर मोकळी होतात. दहावी-बारावीच्या परीक्षांचे आठवडे टाळा. चेंडू मात्र पारखून घ्या : तो आकाराने ६ नंबरचा आणि वजनाने ७ नंबरचा असतो. दुकानदार साधा ६ नंबर गळ्यात मारतात, तो हलका पडतो आणि लांबच्या शॉटला भरकटतो.