आईची कावीळ आणि बाळाची कावीळ

आईला ‘बी’ प्रकारची कावीळ असेल तर बाळाला अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न स्तनपान समुपदेशक म्हणून मला पुण्यात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ‘पाजावे’ असेच आहे, परंतु हा एक शब्द सांगून भीती जात नाही, हे मला एका कुटुंबाने शिकवले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पावसाळ्याच्या दिवसांत हडपसरहून एक बाळंतीण सासूबाईंसह आली, तेव्हा बाळ पाच दिवसांचे होते. गरोदरपणातील तपासणीतच तिला हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘बी’ विषाणूमुळे होणारी यकृताची कावीळ, असल्याचे कळले होते. त्यामुळे बाळाला जन्मानंतर 12 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) अशी दोन्ही इंजेक्शने दोन मांड्यांवर दिली होती आणि घरी सोडताना दूध पाजत राहण्यासही सांगितले होते. मात्र तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसले. आईची कावीळ दुधातून बाळात उतरली, असा तर्क सासूबाईंनी लावला आणि त्याच संध्याकाळी अंगावरचे दूध बंद झाले. तेव्हापासून पावडरचे दूध वाटी-चमच्याने, तेही बाधेल म्हणून पातळ करून, थोडेथोडे दिले जात होते. आईची छाती दगडासारखी घट्ट झाली होती. तिने एवढेच विचारले, “मॅडम, माझं दूध आता गेलं का?”

सासूबाईंच्या तर्काला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आईचा विषाणूचा आजार असो वा नवजात बाळाचा पिवळेपणा, मराठीत या दोन्हींना आपण कावीळच म्हणतो, मग घोटाळा होणारच. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात, त्यातून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य हाताळण्याइतके यकृत अजून तयार नसते, म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांपैकीही निम्म्याहून अधिक बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पिवळी दिसतात. याउलट हिपॅटायटिस बीचा संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन-तीन महिने जातात आणि तान्ह्या बाळात तर ती बहुधा दिसतच नाहीत. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा पिवळेपणा विषाणूचा असणे शक्यच नव्हते. उलट बिलिरुबिन मुख्यतः शीमधून बाहेर पडते. दूध कमी पडले की शी कमी होते आणि तेच बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते. दूध तोडल्याने कावीळ वाढत होती. मी त्यांना तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले, आणि मधल्या वेळात आईने पाजणे पुन्हा सुरू केले.

“अहो, पण विषाणू दुधात सापडतो, असं नणंदेनं मोबाइलवर वाचलंय,” असे सासूबाई पुढच्या भेटीत म्हणाल्या. नणंदेने खोटे वाचले नव्हते. दुधात विषाणूचे अंश आढळतात. परंतु लस उपलब्ध नव्हती त्या काळातही, 1975 साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील अभ्यासात, अंगावर पिणाऱ्या बाळांना बाटलीच्या दुधावरील बाळांपेक्षा अधिक संसर्ग झाल्याचे दिसले नाही. आईकडून बाळाला लागण होते ती प्रामुख्याने प्रसूतीच्या वेळी, रक्ताच्या व स्रावांच्या संपर्कातून, आणि तिथेच ती दोन इंजेक्शने आड येतात. तान्हेपणी लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा आजार कायमचा राहतो, त्यामुळे घाई करायची ती लसीची. जागतिक आरोग्य संघटनाही अशा मातांना स्तनपान सुरू ठेवण्यास सांगते.

तिच्या बाबतीत मला काळजी वाटली ती स्तनाग्रावरील भेगांची. बाळ केवळ स्तनाग्र ओढत होते. हनुवटी स्तनाला टेकवून आणि तोंड मोठे उघडल्यावर काळ्या भागासह स्तन तोंडात द्यायला शिकवल्यावर वेदना कमी झाल्या. रक्त आले, तर त्या बाजूचे दूध बरे होईपर्यंत पिळून टाकावे आणि दुसऱ्या बाजूने पाजावे, अशी खबरदारी मी सुचवते.

घरात तिचे ताट-वाटी वेगळे ठेवले होते, हे मला तिसऱ्या भेटीत कळले. हा विषाणू अन्नातून वा एकत्र जेवण्यातून पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश. नवऱ्याची तपासणी मात्र कोणीच केली नव्हती! ती करून घेतली. त्याला संसर्ग नव्हता, म्हणून त्याची लस सुरू झाली. बाळाचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस वेळेवर झाले आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली. तो कागद दाखवायला सासूबाई स्वतः आल्या होत्या. सून बाहेर बाकावर बाळाला पाजत बसली होती.