थेरपी थांबल्यावर काय उरतं?

नैराश्यासाठी सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची) सोळा सत्रं झाली. आता बरं वाटतं, म्हणून थेरपिस्ट थांबू या म्हणतात. हे बरं वाटणं टिकेल का? (नाशिक)

टिकण्याची शक्यता चांगली आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बऱ्या झालेल्या रुग्णांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं होतं. औषधानं बरं वाटल्यावर ते बंद केलेल्यांपैकी सुमारे 76 टक्के लोकांचा त्रास उलटला. सीबीटी घेऊन थांबलेल्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं, आणि त्यांना वर्षभरात फार तर तीन उजळणी सत्रं मिळाली होती. औषध चालू ठेवलेल्यांत ते 47 टक्के होतं. (तुमची गोळी सुरू असेल तर हे आकडे वाचून ती परस्पर बंद करू नका. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.)

हा फरक पडतो, कारण थेरपीत विचार तपासायला शिकलात ती वही तुमच्याकडे राहते. साहेबांनी मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही, असं समजा. वहीत घटना लिहायची, मग मनात आलेला विचार, भावनेला शंभरपैकी गुण, विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा, शेवटी पर्यायी विचार, आणि पुन्हा गुण. चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. ‘आता काय होईल?’ असा प्रश्न लिहिला तर त्याचा पुरावा तपासता येत नाही. ‘साहेब माझ्यावर नाराज आहेत’ असं विधान लिहा. आणि पर्यायी विचार म्हणून ‘सगळं छान होईल’ लिहिलं तर मनाला ते पटत नाही. ‘काल त्यांनी इतरांनाही उत्तर दिलं नव्हतं’ हे पटतं. गुण 80 वरून 50 वर आले तरी पुष्कळ झालं, शून्याची वाट पाहू नका.

थांबण्याआधी सत्रांतलं अंतर वाढवायला सांगा: आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं.

थेरपी संपून आठ महिने झाले. गेला आठवडाभर पुन्हा झोप उडाली आहे, रडू येतं. सगळं पाण्यात गेलं का? (सोलापूर)

नाही. वाईट आठवडा वेगळा आणि आजार उलटणं वेगळं. घात होतो तो ‘सगळं वाया गेलं’ या विचारानं, कारण त्यामुळे माणूस शिकलेलं वापरणंच सोडून देतो. उठण्याची वेळ आजच ठरवा, उशिरा झोप लागली तरी तीच ठेवा. रोज दोन छोटी कामं वेळ घालून लिहा, एक हातावेगळं करण्याचं आणि एक आवडीचं. ‘मन झालं की करू’ म्हणू नका. नैराश्यात आधी काम होतं, मन मागाहून येतं.

बहुतेक दिवस असेच जात दोन आठवडे उलटले तर थेरपिस्टना फोन करा. दोन-तीन सत्रांत गाडी रुळावर येऊ शकते. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पॅनिक अटॅक थांबले, पण लोकलमध्ये पाण्याची बाटली आणि गोळी जवळ नसेल तर चढवत नाही. चालेल ना? (डोंबिवली)

प्रवास सुरू झाला ही मोठी गोष्ट आहे, पण काम अर्धं राहिलंय. प्रत्येक सुखरूप प्रवासाचं श्रेय मन बाटलीला देतं, त्यामुळे ‘धडधड वाढली आणि आपोआप उतरली’ हे ते शिकतच नाही. पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतो. तो अनुभव बाटलीशिवाय मिळायला हवा.

हृदयाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. मग बाटली हातात न धरता पिशवीत तळाशी ठेवा आणि डोंबिवली ते ठाणे आठवड्यातून चार-पाच वेळा जा. भीतीचे गुण निम्म्यावर आले की बाटली घरी. गोळीचं डॉक्टरांना विचारून ठरवा. गर्दीच्या वेळेला सुरुवात नको, आणि भीती वाढली म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरू नका, नाहीतर उतरल्यानं सुटलो हाच धडा पक्का होतो.

थेरपीनंतर मुलगी ‘आज मला जमणार नाही’ असं तोंडावर सांगते. हे बिघडणं नव्हे का? (कोल्हापूर)

पूर्वी ती हो म्हणून आतल्या आत कुढत असेल, तर ही सुधारणाच आहे. सुरुवातीला ते टोकदार वाटतं, सरावानं सूर मऊ होतो. ‘मग कधी जमेल?’ एवढंच विचारा.